कुंपणावरचं केशरी जाकीट

त्या आठवड्यात लिनेटच्या स्वयंपाकघरातलं टेबल जेवायच्या कामाचं उरलं नव्हतं. ओट्सच्या पिशव्या, ओव्हनमध्ये वाळवून भुगा केलेला खिमा, चीजचे ठोकळे, सलामी, दोऱ्या, गॅसचे डबे, आणि या सगळ्यावर अंथरलेला नकाशा. मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. लिनेटची तक्रार नव्हती. एप्रिल आला की हरणांचे नर माजावर येतात आणि नवरा, मर्डो, पाठीवर घर बांधून डोंगरात जातो, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मुकाट्यानं मान्य केलं होतं. शिवाय खाण्याच्या पिशव्या भरण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. कुठल्या दिवशी काय शिजवायचं, त्यात पाणी किती ओतायचं, सगळं ती पिशवीवरच लिहायची. मर्डो म्हणायचा, लिननं भरलेल्या पिशवीतून भूकसुद्धा वेळेवरच लागते.

यंदा मात्र पिशव्यांच्या ढिगात एक वाटा ब्रायरचा होता, आणि तिथंच सगळं बिनसलं होतं.

ब्रायर ही त्यांची एकुलती एक. डनीडन शहरात नर्स होती, आणि शाळेत असल्यापासून बापाच्या मागे लागली होती की मलाही शिकारीला ने. मर्डोनं तिला कधी नाही म्हटलं नाही. एका वर्षी नदीला पूर होता, एका वर्षी तिची परीक्षा होती, एका वर्षी त्याचा गुडघा दुखत होता. मग नुसतंच "पुढच्या वर्षी बघू" झालं. माजाच्या दिवसांत इथले डोंगर सरकार सोडत काढून वाटतं, ज्याचं नाव निघेल त्याच्या टोळीला तेवढे दिवस तो टापू. यंदा ब्रायरनं बापाला विचारलंच नाही. स्वतःच्या नावानं अर्ज भरला, खाली बापाचं आणि त्याच्या दोस्ताचं, रेवीचं, नाव घातलं, आणि टापू लागल्यावर फोन केला. "टोळीची म्होरकी मी आहे. यायचं की नाही ते तुम्ही म्हाताऱ्यांनी ठरवा." रेवी हसता हसता खोकायला लागला. मर्डोही हसला, पण जरा उशिरा. लिनेटला ते तेव्हाच खटकलं होतं.

शनिवारी सकाळी ब्रायर नकाशावर ओणवी होती. सरोवर बोटीनं ओलांडायचं, नदीच्या काठाकाठानं वर, खिंडीपलीकडे तंबू. तिथं फोन लागत नाही, रस्ता नाही, जे लागेल ते पाठीवरून न्यायचं आणि मांस मिळालं तर तेही पाठीवरूनच आणायचं.

"हा ओढा," ती म्हणाली. "मी इकडच्या काठाला नेच्यांच्या झाडीत बसून आवाज देणार. बाबा, तू पलीकडच्या काठाला. नर माझ्या आवाजावर येणार, आणि तू त्याला टिपणार. रेवीकाका वर कड्यावर."

माजावरचा नर बैलासारखा डुरकतो. दुसऱ्यानं उलट डुरकी दिली की त्याला वाटतं, आपल्या मुलखात कुणी शिरलं, आणि तो झाडी सोडून भांडायला बाहेर येतो. ब्रायरची डुरकी ऐकण्यासारखी होती. पन्हाळीच्या पाइपाचा एक तुकडा तोंडाला लावून तिनं परवा अंगणात आवाज काढला, तर शेजारच्यांचा बैल तारेपर्यंत चालत आला आणि बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. एवढी गळ्याची ताकद, पण गाण्याच्या नावानं आनंद. तिचा सूर लागायचा तो दोन गावं सोडून पलीकडे. लिनेट ते तोंडावर सांगायची. चर्चमधल्या बाईंनी जरा गोड शब्दांत सांगितलं होतं. जगात एकट्या मर्डोनं तिला गायला लावलं होतं. लहानपणी सरपणाला, अळंब्यांना, पॉसम नावाच्या केसाळ प्राण्याचे सापळे बघायला तो तिला रानात न्यायचा आणि सारखा म्हणायचा, "गात राहा पोरी, थांबू नको." अजूनही ती काम करताना गुणगुणायची आणि कुणी कान झाकले की म्हणायची, "माझा एकच चाहता आहे, पण पक्का आहे."

आताही ती गुणगुणतच होती. मर्डोनं नकाशावर बोट ठेवलं.

"तू माझ्या मागे बस," तो म्हणाला.

"मागे बसून काय करू? नर आवाजाच्या रोखानं येणार. मी मागे असले तर तो तुझ्या डोक्यावरून येईल."

"मग ओढ्याच्या एकाच बाजूला बसू."

"बाबा, आवाज एकीकडे आणि बंदूक दुसरीकडे, हे मला कुणी शिकवलं?"

मर्डोनं बोट उचललं. शिकवलं होतं त्यानंच.

रेवी दुपारच्या आधी आला. मर्डोचा शाळेपासूनचा दोस्त, किनाऱ्याकडचा मासेमार. येताना बादलीभर खारवलेले तीती पक्षी घेऊन आला, त्यामुळे तो दारात पोचायच्या आधी वास पोचला. अंगात नेहमीची निळी जर्सी, डोक्यावर नेहमीची निळी टोपी. ती टोपी इतकी भडक निळी होती की तिच्यावरून या घरात किती विनोद झाले असतील त्याला गणती नाही. माझं नशीब निळ्यात आहे, एवढंच तो सांगायचा. आज त्याच्या काखेत आणखी एक निळं जाकीट होतं.

"हे ब्रायरचं," तो म्हणाला. "बायकोनं बाह्या आखूड केल्यात."

"पण आईनं केशरी आणलंय ना," ब्रायर म्हणाली. "तिघांनाही."

लिनेटनं आणलं होतं, आणि स्वस्त आणलं नव्हतं. आपली एकुलती एक पोरगी बंदुका घेतलेल्या माणसांच्या रानात चाललीय म्हटल्यावर तिनं दुकानातलं सगळ्यात झगझगीत मागितलं होतं. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, हे दिसणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

"केशरी घालू नको," रेवी म्हणाला. "निळं घाल."

"का?"

"नशीब."

"तुझं नशीब तुझ्यापाशी ठेव की. मला कशाला त्याच्या आखूड बाह्या?"

रेवी हसला नाही. एरवी हसला असता. "माझं एवढं ऐक, पोरी."

"म्होरकी मी झाले ते झोंबलंय का तुला?" ब्रायर अजून चेष्टेतच होती, पण आवाजाला धार आली होती. "सकाळी बाबा म्हणतो मागे बस. आता तू म्हणतोस हे घालू नको. सरळ सांगा ना, बाईमाणूस नकोय म्हणून."

रेवीनं मर्डोकडे बघितलं. मर्डो सुरीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "ज्याला जे आवडेल ते घालू दे," तो म्हणाला.

लिनेटलाही राग आला होता. तिनं जीव ओतून आणलेली वस्तू कुणी विनाकारण नाकारावी, हे तिच्या पचनी पडलं नव्हतं. तिनं तिन्ही केशरी जाकिटं उचलली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून काढली, कारण हरणाला दुकानाचा वास मैलावरून येतो, आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातली. वारा चांगला होता.

जेवणं झाल्यावर पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. ती मोरीपाशी भांडी धूत होती.

"मर्डो, जाकिटं आत आण रे," तिनं हाक मारली.

खिडकीतून तिला दिसत होतं. दोरीवर दोन जाकिटं होती. तिसरं, सगळ्यात लहान, ब्रायरचं, वाऱ्यानं उडून मागच्या कुंपणाच्या झाडांवर पडलं होतं. दोन्ही बाह्या पसरून, हिरव्यागार झाडोऱ्यावर असं भडकलेलं की रस्त्यावरच्या गाडीवाल्यालाही दिसावं. मर्डोनं दोरीवरची दोन काढली. तिसऱ्यासाठी इकडेतिकडे बघितलं. कुंपणाकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेला. जाकिटाच्या बाहीपासून हातभर अंतरावर थांबला, खाली गवतात बघितलं, आणि पुढे गेला.

लिनेटला आधी वाटलं, चेष्टा करतोय.

तो आत आला. "दोनच आहेत. तिसरं वाऱ्यानं नेलं वाटतं. ओढ्याकडे बघून येतो."

"हं," ती म्हणाली. तिच्या हातातली बशी साबणाच्या पाण्यात तशीच होती.

मग एकेक आठवायला लागलं. पिकलेले टोमॅटो आण म्हटलं की हा निम्मे कच्चे आणायचा. मांस शिजलं का हे बघून कधी सांगायचा नाही, बोटानं दाबायचा. ब्रायरच्या तांबड्या सायकलीला एकदा तपकिरी म्हणाला होता, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. आणि लोक म्हणायचे, मर्डोसारखी नजर नाही. सावलीत बसलेलं हरीण, जे कुणाला दिसत नाही, ते याला दिसतं. खरंच दिसायचं. कारण तो रंग बघतच नव्हता. आकार बघायचा, आणि हललेलं बघायचा.

ब्रायर नेच्यांत बसणार होती. हुबेहूब नरासारखा आवाज काढणार होती. ओढ्यापलीकडे हा बसणार होता, बंदूक घेऊन.

लिनेटला भीती वाटली. भीतीमागून राग आला. तो मर्डोचा नव्हता, निळ्या टोपीचा होता; रेवीला हे ठाऊक असणार. ती ओल्या हातांनीच बाहेर गेली. रेवी गाडीत दोऱ्या लावत होता.

"निळंच का, रेवी?"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नशिबाचं नाव काढलं नाही.

"फार जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. "दरडीवर भाकरी खात बसलो होतो. डोक्यावर केशरी टोपी. मर्डोची दुर्बीण माझ्या तोंडावरून फिरली आणि पुढे गेली. मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करतोय. मी हात हलवला. तर त्यानं बंदूक उचलली."

"मग?"

"मग मी त्याला आईवरून शिवी दिली. पार डोंगर घुमला. बंदूक खाली आली."

"नंतर काय बोललात?"

"नंतर चहा केला. पुढच्या वर्षी मी निळी टोपी घेतली."

"आणि त्याला काहीच विचारलं नाहीस?"

"काय विचारू, लिन? मला कळलंय हे त्याला कळलं होतं. निळं त्याला दिसतं. भागलं होतं आमचं."

"भागलं होतं," लिनेट म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याला डबा भरून पाठवते. तुमच्यातला एक कधी परत आला नसता तर मी काय समजायचं होतं? टोप्या बदलाल, पण तोंड उघडणार नाही."

रेवी दोरीच्या गाठीकडे बघत राहिला. "म्हणून तर जाकीट आणलं," तो हळूच म्हणाला. त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच ती आणखी चिडली.

मर्डो ओढ्यावरून रिकाम्या हातानं परतला तेव्हा ती लाकडाच्या शेडमध्ये त्याची वाट बघत होती.

"कुंपणावर आहे ते," ती म्हणाली.

त्यानं कुंपणाकडे मान वळवली.

"मी खिडकीतून बघत होते. तू त्याच्या अगदी जवळून गेलास."

"आभाळ आलंय, उजेड कमी..."

"मर्डो."

तो फोडलेल्या लाकडांवर बसला. एकाएकी थकलेला दिसला. शाळेतच कळलं होतं, तो म्हणाला. त्यानं चित्रातलं गवत तांबडं रंगवलं होतं आणि मास्तरांनी ते वर्गाला दाखवलं होतं. त्यानंतर कुणाला कळू दिलं नाही. आईला ठाऊक होतं, ती गेली.

"मला का नाही सांगितलंस?"

"आधी लाज वाटली. मग इतका उशीर झाला की सांगायचीच लाज वाटायला लागली."

"ब्रायरला सांग."

"तिला कसं सांगू, लिन? ती दवाखान्यात सगळ्यांना सांगत फिरते, माझ्या बापासारखी नजर..."

"फिरू दे. ती परत यायला हवी मला."

"मी शिंगं बघितल्याशिवाय कधी चापाला बोट लावलेलं नाही."

"रेवीला शिंगं होती का?"

तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचाही राग आला. "रात्रीच्या जेवणाआधी तू सांग," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन, आणि मी चांगलं सांगणार नाही."

संध्याकाळच्या आधी व्हरांड्यात वजनं सुरू झाली. तुळईला मांस तोलायचा काटा टांगलेला होता, त्याला एकेक पाठपिशवी अडकवायची. हे काम म्होरकीचं, आणि ब्रायर ते पोलिसासारखं करत होती. तिनं स्वतःच्या दात घासायच्या ब्रशाची दांडी अर्धी कापली होती. रेवीची दुसरी बाटली तिनं काढून ठेवली, तेव्हा त्यानं मयतीला शोभेल असं तोंड केलं. कुंपणावरचं जाकीट तिनं मघाशीच काढून आणलं होतं आणि बापाला म्हणाली होती, "डोळ्यांसमोर तर होतं की." लिनेट दारात उभी होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बाबा, तुझी जड आहे. काय काढतोस?"

मर्डोनं भिंतीला टेकवलेली आपली बंदूक उचलली, पट्ट्यानं काट्याला अडकवली आणि म्हणाला, "हीच सगळ्यात जड. ही राहू दे घरी."

ब्रायर हसली. मग तिला दिसलं की तो हसत नाहीये. "का?"

"गुडघा," मर्डो म्हणाला.

लिनेटनं डोळे मिटले. पण तिला वाटलं, चालेल. खोटं तर खोटं. बंदूक घरी राहतेय ना.

ब्रायरनं बापाकडे जरा वेळ बघितलं आणि तिचा चेहरा निवळला. "मग माझी राहू दे," ती म्हणाली. "तुझी मी उचलते. चाप तू ओढायचास. मला नर मारायची हौस नाहीये, बाबा. तू मारताना बघायचंय मला. त्यासाठी तर मी एवढा खटाटोप केला."

रेवी बुटांकडे बघायला लागला. लिनेटनं तोंड उघडलं, आणि मर्डोनं तिच्याकडे न बघताच हात वर केला.

"ते केशरी घाल," तो ब्रायरला म्हणाला. "आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहा."

"आता?"

"आता."

ती जाकीट घालत अंगणातून गेली, कुंपणाला पाठ लावून उभी राहिली आणि हात पसरले. "बरं, मग?"

"दिसत नाहीस," मर्डो म्हणाला.

"काय?"

"तू मला तिथं दिसत नाहीस, ब्रायर." त्याचा आवाज व्हरांड्यातून जेमतेम पोचत होता. "जाकीट दिसत नाही. बोलतेस म्हणून कळतं कुठं आहेस. हललीस की काहीतरी हललं, एवढं कळतं. गोळी मारायला तेवढंच लागतं."

तिचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. वारा झाडांतून चालला होता. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"जन्मापासून. तांबडं, केशरी, हिरवं, सगळं मला एकच."

ती चालत परत आली. नर्स होती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. पायरीपाशी थांबली.

"मी लहान असताना तू मला रानात न्यायचास," ती म्हणाली. "माझा लाल कोट होता."

"हो."

"तुझ्याकडे बंदूक असायची. पॉसमसाठी."

"असायची."

ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. लिनेटला ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि ते काय आहे हेही कळलं. तिला वाटलं, पुढं जाऊन पोरीला धरावं. पण उशीर झाला होता.

"म्हणून तू मला गायला लावायचास," ब्रायर म्हणाली.

मर्डोनं मान डोलावली.

"मला वाटायचं, तुला आवडतं."

तिनं जाकिटाची चेन खाली ओढली. जाकीट काढलं, घडी घातली, आणि बापाच्या पाठपिशवीवर ठेवलं. काट्यावरची बंदूक उतरवली, ज्याच्याशिवाय ती उडत नाही तो बोल्ट काढून घेतला, आणि दोन्ही आतल्या कपाटात वेगवेगळ्या कुलपांत ठेवून आली. कुणी तिला अडवलं नाही. बाहेर आल्यावर रेवीच्या हातातून निळं जाकीट घेतलं आणि स्वतःच्या पिशवीत कोंबलं.

"बंदुका दोनच जातील," ती म्हणाली. आवाज म्होरकीचा होता, कोरडा. "रेवीकाकाची आणि माझी. ओढ्याच्या या काठाला बाबा बसेल, आवाज तो देईल. पलीकडे मी. बाबा, तू केशरी घालायचंस. मला दिसतं ते."

"बरं," मर्डो म्हणाला.

रेवी बादली आत ठेवायच्या निमित्तानं निघून गेला. लिनेटनं तीतीच्या पिशव्या बांधायला घेतल्या. ब्रायर एकेक पट्टा आवळत होती, खाण्याच्या पिशव्या दिवसांच्या क्रमानं लावत होती, सगळं नेहमीसारखं नेटकं. लिनेटला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. पोरगी गुणगुणत नव्हती. इतकी वर्षं त्या बेसूर गुणगुणण्याला नावं ठेवली, आणि आता ती शांतता तिला ऐकवेना.

मर्डो पायरीवर बसून होता. आभाळ अगदी खाली उतरलं होतं, पण पाऊस अजून आला नव्हता.

"ब्रायर," तो म्हणाला.

"हं."

"आता माझ्याकडे बंदूक नसेल."

तिनं मान वर केली नाही.

"तरी गाशील का?"

ब्रायरनं पिशवीचा पट्टा ओढला. तो आधीच घट्ट होता.